कंपोस्टच्या खड्ड्यातल्या जाड अळ्या आणि काळे भुंगे – गेंड्या भुंगा, हुमणी की तिसरंच काही? कसं ओळखायचं?

स्नेहा_मुलुंड

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे म्हणून सगळं एकदम लिहितेय. आमच्या सोसायटीत (मुलुंड ईस्ट) ओल्या कचऱ्याचा खड्डा आहे, विटांचे दोन कप्पे, एक भरत आला की दुसरा उपसायचा. परवा जुना कप्पा उपसला तर तळाशी भरपूर जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या, अर्धगोल वळलेल्या, डोकं तपकिरी आणि शेपटीकडचा भाग काळपट, आत माती भरल्यासारखा दिसतो. काही करंगळीएवढ्या, काही चक्क अंगठ्यापेक्षा जाड. त्यांच्याबरोबर भुंगेही मिळाले. एक मोठा, काळा चकचकीत, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. दुसरा अगदी तसाच पण शिंग म्हणजे नुसतं टोक. आणि तिसरा लहान, चपटा, हिरवट तांब्याचा रंग आणि पाठीवर पांढरे ठिपके.

आता प्रॉब्लेम असा की माळीकाका म्हणतात ही हुमणी आहे, कुंड्यांत गेली तर सगळी मुळं खाणार. सेक्रेटरी म्हणतात हा नारळाचा भुंगा, म्हणजे गेंड्या आहे, कारण कंपाउंडमधल्या दोन माडांच्या झावळ्या त्रिकोणी कापलेल्या दिसतायत, म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवून खड्ड्यात औषध ओतायचं आणि खड्डा कायमचा बुजवायचा. रविवारी मीटिंग आहे. हा खड्डा मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या देसाईकाकू मिळून चालवतो, त्याचं खत सगळ्या बागेला जातं, औषध ओतलं की ते खत वापरता येणार नाही आणि गांडुळंही मरतील.

मला एवढंच कळायला हवंय की या सगळ्या अळ्या एकाच जातीच्या आहेत का, आणि नसतील तर माझ्यासारख्या माणसाने घरी बसून ते कसं ओळखायचं. रंगावरून तर सगळ्या सारख्याच दिसतायत. फोटो वर टाकलेत पण मोबाईलचे आहेत.

भिंगवाला_दादर

स्नेहाताई, औषध ओतायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. फोटोवरून मला तरी खड्ड्यात किमान दोन जाती दिसतायत, पण अळ्यांचे फोटो सगळे वरून आहेत आणि वरून बघून या अळ्या ओळखू येत नाहीत. या कुळातल्या म्हणजे स्कॅरॅब भुंग्यांच्या अळ्या सगळ्याच पांढऱ्या, जाड आणि वळलेल्या असतात, हुमणी असो, गेंड्या असो, फुलभुंगा असो की शेणकिडा. शेवटचा काळपट भाग म्हणजे पोटातलं खाणं आहे, कातडी पारदर्शक असते म्हणून दिसतं, त्यावरून जात ठरत नाही.

सगळ्यात सोपी टेस्ट आधी करा, भिंगही लागत नाही. जमिनीवरची एखादी कोरडी सपाट फरशी घ्या आणि एकेक अळी त्यावर ठेवून दोन-तीन मिनिटं नुसतं बघा. फुलभुंग्याची अळी उलटी होते आणि पाय वर ठेवून पाठीवर सरकत जाते, आणि चांगली भरभर जाते. गेंड्याची किंवा हुमणीची अळी असं कधीच करत नाही, ती कुशीवर पडून राहते, पाय ओढत कशीबशी पुढे जाते किंवा तशीच वळून पडते. पाठीवर चालणं ही फुलभुंग्यांच्या उपकुळाची, म्हणजे सेटोनिनीची, अगदी खात्रीची खूण आहे.

मग डोकं बघा. फुलभुंग्याच्या अळीचं डोकं अंगाच्या मानाने लहान वाटतं आणि पाय आखूड असतात. गेंड्याच्या अळीचं डोकं मोठं, कडक, गडद तपकिरी आणि त्यावर बारीक खड्डे. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, लांबीवरून वय किंवा जात ठरवू नका. अळी एकूण तीन टप्प्यांत वाढते, प्रत्येक टप्प्यात अंग ताणलं जाऊन लांब होत जातं पण डोक्याचं कवच कडक असल्यामुळे ते कात टाकेपर्यंत तेवढंच राहतं आणि कात टाकली की एकदम मोठं होतं. म्हणून मोजायचं असेल तर डोक्याची रुंदी मोजा. गेंड्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या अळीचं डोकं जवळपास एक सेंटीमीटर रुंद भरतं, इथल्या फुलभुंग्याच्या अळीचं एवढं मोठं होत नाही.

हे करून इथे लिहा, मग भुंग्यांकडे वळू.

वाडीकर_वसई

आमची नारळाची वाडी आहे त्यामुळे गेंड्याशी रोजचा संबंध. ताई, एक आधीच सांगतो म्हणजे मीटिंगमध्ये उपयोगी पडेल, गेंड्याची अळी माडाला काही करत नाही. ती फक्त कुजलेलं खाते, शेणखत, कंपोस्ट, कुजकं लाकूड. माडाला खातो तो मोठा झालेला भुंगा, तो रात्री शेंड्यात शिरतो आणि न उघडलेल्या कोंबाला भोक पाडून आतला रस चोखतो. तेव्हा झावळी मिटलेली असते, नंतर उघडली की दोन्ही बाजूंच्या पात्या त्रिकोणात कापलेल्या दिसतात. म्हणजे आज दिसणारी कापणी आजची नाही, काही आठवडे, महिने जुनी आहे.

आणि माडावर सोंड्याही येतो, तो पूर्ण वेगळा किडा, लालसर, पुढे लांब सोंड, त्याच्या अळीला पाय नसतात आणि ती जिवंत खोडात राहते. लोक दोघांना एकच समजतात. गेंड्याने पाडलेल्या जखमेतून सोंड्या आत जातो म्हणून दोघं एकाच माडावर सापडतात एवढंच. खड्ड्यातल्या अळीला पुढे सहा पाय असतील तर सोंड्याचा विषय संपला.

तुमच्या कंपाउंडमध्ये एखादा मेलेला माड किंवा कापलेल्या माडाचा बुंधा आहे का? ते आधी सांगा, कारण गेंड्याला अंडी घालायला कुजका बुंधा कंपोस्टपेक्षाही आवडतो.

स्नेहा_मुलुंड

बुंधा आहे!! गेटच्या बाजूला, मागच्या वर्षी वादळात पडलेला माड कापला तो, फूटभर वर राहिलाय आणि आतून भुसा झालाय. तिथे कोणी बघितलंच नाही.

फरशीची टेस्ट केली, देसाईकाकूही होत्या. करंगळीएवढ्या बहुतेक सगळ्या अळ्या उलट्या होऊन पाठीवर पळाल्या, मी असं कधी बघितलं नव्हतं, पाय वर आणि अंगाच्या लाटांवर पुढे जातात. मोठ्या मात्र कुशीवरच पडून राहिल्या. मोठ्यांचं डोकं मोजलं, पट्टी धरून, एकाचं साधारण दहा मिलिमीटर, बाकीच्यांचं थोडं कमी. पण मधल्या आकाराच्या काही आहेत ज्या पाठीवरही जात नाहीत आणि मोठ्यांएवढ्या जाडही नाहीत. त्या हुमणीच्या असतील का? माळीकाका अजूनही हुमणीवरच आहेत.

शिवाय एक नवीन भर, काल रात्री पोर्चच्या ट्यूबलाईटखाली एक काळा भुंगा पडलेला मिळाला, शिंग अजिबात नाही, खूप जाडजूड. तो गेंड्याची मादी का?

इस्लामपूरचा_अजित

मी मूळचा वाळव्याचा, नोकरीला ठाण्यात. आमच्याकडे उसात हुमणीने उच्छाद मांडलेला असतो त्यामुळे माळीकाकांची भीती मला कळते, पण शेणखताच्या ढिगात सापडलेल्या प्रत्येक जाड अळीला आमच्याकडेही हुमणीच म्हणतात आणि त्यात बराच गोंधळ आहे. खरी हुमणी, म्हणजे होलोट्रिकिया किंवा ल्युकोफोलिस या भुंगेऱ्यांची अळी, जिवंत मुळांवर जगते. ऊस, भुईमूग, मिरची असलं काही वर असेल तर खाली ती. पहिल्या टप्प्यात कुजलेलं खाते पण नुसत्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात ती मोठी होऊन अंगठ्याएवढी होणार नाही.

ओळखायचं तर अळी उलटी धरा आणि शेपटीच्या शेवटच्या भागाची खालची बाजू भिंगातून बघा. हुमणीला तिथे आखूड जाड काट्यांच्या दोन ओळी असतात, मधे भांग पडलेला असतो, आणि गुदाची चीर वाय किंवा व्ही अक्षराची. गेंड्याच्या अळीला ओळी नाहीत, नुसते विखुरलेले केस, आणि चीर आडवी सरळ. फुलभुंग्याची चीरही आडवीच पण काट्यांच्या ओळी असतात, म्हणून नुसत्या ओळी बघून हुमणी म्हणू नका, चीर बघा. कृषी खात्याचे लोक शेतात हेच बघतात.

आणि हुमणीतल्या हुमणीत फरक करायचा म्हणजे अजून अवघड. नदीकाठच्या पट्ट्यात ल्युकोफोलिस लेपिडोफोरा जास्त, माळरानाला होलोट्रिकिया सेराटा. ल्युकोफोलिसच्या भुंगेऱ्याच्या अंगावर फिकट खवले असतात, होलोट्रिकिया साधा तपकिरी. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी सेराटाचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुलिंब, बाभळीवर जाऊन बसतात, आमच्याकडे अख्खं गाव बत्त्या घेऊन फांद्या हलवून ते गोळा करतं, रॉकेलच्या पाण्यात टाकतं. वर्षाला एकच पिढी असल्यामुळे त्या थोड्या दिवसांत जेवढे धराल तेवढी पुढच्या उसातली अळी कमी. मुंबईत सोसायटीच्या कडुलिंबावर असं कोणी केलेलं मी तरी बघितलं नाही, पण पाने कुरतडलेली दिसली तर रात्री टॉर्च मारून बघा.

भिंगवाला_दादर

अजितराव, चिरेचा मुद्दा एकदम बरोबर आणि इथे तोच कामाचा आहे. स्नेहाताई, मधल्या अळ्या बहुधा गेंड्याच्याच दुसऱ्या टप्प्यातल्या असतील, डोक्याची रुंदी मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास भरली आणि चीर आडवी निघाली तर प्रश्न मिटला. वाय अक्षर दिसलं तर मात्र माळीकाका बरोबर.

आता भुंगे. मोठ्या काळ्या दोघांच्या फोटोत पाठीचा पुढचा भाग, डोक्यामागची ढाल म्हणू या, पुढून खोलगट आहे आणि त्या खोलगट भागाच्या मागच्या कडेवर दोन छोटे उंचवटे आहेत. हे ओरिक्टिस ऱ्हायनोसिरॉस, म्हणजे आपला गेंड्या. कोकणात आणि घाटात शिंगवाला अजून एक मोठा भुंगा सापडतो, झायलोट्रुपेस, पण त्याच्या नराला डोक्यावर एक आणि ढालीवर एक अशी दोन शिंगं असतात आणि दोन्ही टोकाला दुभंगलेली, तिथे गल्लत होणार नाही. जुन्या याद्यांत आपल्याकडच्या झायलोट्रुपेसला सरसकट गिडिऑन लिहिलेलं असतं, नंतरच्या अभ्यासात गिडिऑन हे नाव आग्नेय आशियातल्या बेटांवरच्या जातीपुरतं ठेवलं गेलं, त्यामुळे जुनी लेबलं बघून गोंधळू नका.

पण नर-मादी ओळखताना शिंगावर जाऊ नका, हे मला ठासून सांगायचंय. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की मोठं शिंग नर, छोटं शिंग मादी. पण अळीला खाणं कमी पडलं की नर लहान निपजतो आणि त्याचं शिंग मादीएवढंच राहतं. म्हणून भुंगा उलटा करा आणि पोटाचं शेवटचं टोक बघा, पंखांच्या मागे उघडं राहतं ते. मादीच्या टोकावर लालसर तपकिरी केसांची दाट झालर असते, नराचं टोक गोल आणि गुळगुळीत. हे भिंगाशिवायही दिसतं. तुमच्या दुसऱ्या भुंग्याचा फोटो वरून आहे, तो मादी की बारका नर हे मी आत्ता सांगणार नाही, उलटा करून फोटो टाका. मीटिंगसाठी याला महत्त्व आहे, कारण खड्ड्यात माद्या सापडत असतील तर त्या तिथे अंडी घालायला आल्यात, म्हणजे खड्डाच घर आहे. नुसते नवे निघालेले नर असतील तर ते दुसरीकडे जाणारच आहेत.

तिसरा, ठिपकेवाला, फुलभुंगा. खांद्याजवळ बघा, ढाल आणि पंख यांच्या मधे वरूनच एक छोटा त्रिकोणी तुकडा दिसतो, आणि खांद्याच्या मागे पंखाची कड आत वळलेली आहे. त्या वळणामुळे तो वरचे कडक पंख न उघडताच उडतो, खालचे पडद्यासारखे पंख बाजूने बाहेर काढून. गेंड्या उडताना आधी कडक पंख फाकवतो. माझ्या मते हा प्रोटेशिया या वंशातला आहे. जात मात्र फोटोवरून सांगणार नाही. प्रोटेशियात रंग हिरवा, तांबूस, काळा असा बदलत राहतो आणि ठिपके झिजतात, एकाच जातीचे दोन भुंगे वेगळे वाटतात आणि दोन जातींचे सारखे. तिथे खालून बघायला लागतं, मधल्या पायांच्या मधे पुढे आलेला एक उंचवटा असतो त्याचा आकार, पायांवरचे दात, आणि शेवटी नराचं जननांग. ते काम प्रयोगशाळेचं आहे.

आरे_शेणकिडे

ट्यूबलाईटखालचा बिनशिंगी जाडजूड भुंगा गेंड्याची मादी नसावी असं मला वाटतं. गेंड्याच्या मादीला छोटं का होईना टोक असतंच. मी आरेतल्या तबेल्यांजवळ शेणकिडे बघत असतो, तुमच्या फोटोत डोक्याची पुढची कड फावड्यासारखी रुंद आणि चपटी दिसतेय आणि तोंडाचे भाग वरून अजिबात दिसत नाहीत. गेंड्याचे जबडे डोक्याच्या पुढे थोडे बाहेर दिसतात. उलटा करून मधल्या पायांची मुळं बघा, शेणकिड्याचे मधले पाय एकमेकांपासून खूप लांब लागलेले असतात, मधे चांगली रुंद जागा. तसं असेल तर बहुधा कॅथार्सियसची मादी, हा मोठा काळा शेणकिडा आहे आणि दिव्याला येतो. त्याचा माडाशी काडीचाही संबंध नाही, शेण पुरून जमीन भुसभुशीत करतो. कृपया मारू नका.

आणि भिंगवाले दादांनी शिंगाबद्दल लिहिलंय त्याला माझा पूर्ण पाठिंबा. ऑन्थोफॅगस या वंशात जगभरात दोन हजारांवर जाती आहेत, एकाच शेणात चार-पाच जाती सापडतात, आणि तिथे हाच घोळ जास्त होतो. एका जातीच्या मोठ्या नराला दोन लांब शिंगं, लहान नराला नुसती टेंगळं, मादीला डोक्यावर आडवी रेघ. शिंग किती येणार हे अळीला आईने किती शेण साठवून ठेवलंय त्यावर ठरतं, एका ठराविक मापाच्या वर गेला तर लांब शिंगं, खाली राहिला तर जवळपास नाहीच. लांब शिंगवाला बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, बिनशिंगी चोरवाटेने आत जातो. आता हे माहीत नसलेला माणूस एका जातीच्या तीन जाती करून ठेवणार. म्हणून मी आधी डोक्याची कड, ढालीवरचे बारीक खड्डे किंवा दाणे, आणि पंखांवरच्या रेघांमधले केस बघतो, शिंग सगळ्यात शेवटी.

गॅझेला म्हणून ओळखला जाणारा तपकिरी शेणकिडा आहे ना, ऑस्ट्रेलिया अमेरिकेत गुरांच्या शेणासाठी मुद्दाम नेऊन सोडलेला, तो आफ्रिकेत एकच जात म्हणून धरला जायचा, २०१७ मध्ये नीट तपासल्यावर तो बऱ्याच जातींचा गट निघाला. आपल्याकडे त्याच गटातला बोनासस. जुन्या भारतीय नोंदींत त्यालाही कोणी कोणी गॅझेला लिहिलंय. त्यामुळे नुसतं नाव वाचून पुढे जाऊ नये, कोणी कुठल्या वर्षी ओळखलंय तेही बघावं.

नीलिमा_चेंबूर

मधेच विचारतेय, माझ्या गच्चीत गुलाबाची पानं रात्रीत जाळीदार होतात आणि दिव्याखाली तपकिरी छोटे भुंगे मिळतात. वर अजितदादांनी सांगितलेला हुमणीचा भुंगेरा तोच का? कुंड्यांतली माती बदलू का?

भिंगवाला_दादर

नीलिमाताई, पायांची नखं बघा. या कुळात तपकिरी भुंगे डझनावारी आहेत पण नखं पटकन गट सांगतात. होलोट्रिकियाच्या गटात प्रत्येक पायाची दोन्ही नखं सारखी, आणि प्रत्येकाला खाली दात. रुटेलिनीच्या गटात, म्हणजे अ‍ॅनोमाला, अ‍ॅडोरेटस वगैरे, दोन नखं असमान, एक जाड एक बारीक, आणि स्वतंत्र हलतात. गेंड्याच्या गटात साधारण सारखी आणि बिनदाताची. तुमच्याकडचा साधारण सेंटीमीटरभर, अंगावर राखाडी बारीक केस, आणि वरच्या ओठाचा मधला भाग चोचीसारखा खाली उतरलेला असेल तर तो अ‍ॅडोरेटस. गुलाबाच्या आणि द्राक्षाच्या पानांची जाळी करणारा तोच, रात्री खातो, दिवसा मातीत किंवा पालापाचोळ्यात लपतो. माती बदलायची गरज नाही, रात्री नऊच्या पुढे टॉर्च घेऊन हाताने वेचा.

स्नेहा_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार, किती नीट सांगितलंत. अपडेट देते. मधल्या अळ्यांची चीर देसाईकाकूंच्या स्टॅम्प बघायच्या भिंगातून बघितली, आडवी आहे, काट्यांच्या ओळी नाहीत, डोकं पाच मिलिमीटरच्या आसपास. माळीकाकांनाही दाखवलं, त्यांनी स्वतः दोन-तीन उलट्या करून बघितल्या आणि मान्य केलं. दोन्ही मोठ्या भुंग्यांना उलटं केलं, छोट्या शिंगवाल्याच्या टोकाला केसांची झालर आहे, मोठ्या शिंगवाल्याचं गुळगुळीत. ट्यूबलाईटवाल्याचे मधले पाय खरंच लांब लांब आहेत, त्याला मागच्या झाडीत सोडून दिला.

बुंधा फोडला वॉचमनच्या मदतीने. आत मोठ्या अळ्याच अळ्या, पाठीवर जाणारी एकही नाही. म्हणजे खड्ड्यापेक्षा तिथेच जास्त.

आता मीटिंगमध्ये काय सांगू? औषधाशिवाय चालेल का? आणि या पाठीवर चालणाऱ्या अळ्या खड्ड्यात ठेवल्या तर चालतील ना?

वाडीकर_वसई

ताई, मादी सापडली म्हणजे खड्ड्यातही अंडी घालतेय, पण मुख्य कारखाना बुंधाच. तो मुळासकट काढून वाळवा किंवा चिरून संपवा, तिथे परत काही कुजत पडू देऊ नका. खड्डा बुजवायची गरज नाही, उलट बुजवला तर कचरा कोपऱ्यात साठेल आणि तिथे अंडी पडतील. खड्डा वरचेवर खालपर्यंत उपसत राहा. अंड्यातून आठ ते बारा दिवसांत अळी निघते आणि मग कित्येक महिने ती खातच राहते, त्यामुळे महिन्यातून एकदा तळापासून हलवलं तरी मोठ्या व्हायच्या आत हाताला लागतात. वर बारीक जाळी टाका, भुंगे रात्रीच येतात. मोठ्या अळ्या वेचून कोंबडीवाल्याला द्या, आमच्याकडे कोंबड्या तुटून पडतात.

मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी मिळते, कृषी विद्यापीठवाले गेंड्याच्या अळीसाठी खतखड्ड्यात वापरायला सांगतात. पण ती तुमच्या फुलभुंग्याच्या अळीलाही धरू शकते, म्हणून मी म्हणेन बुंध्याजवळ वापरा, खड्ड्यात नको, तिथे हाताने वेचणं जमतंय तोपर्यंत वेचा.

माडावर चढणारा माणूस बोलवून शेंडा साफ करून घ्या, कोंबाजवळ ताजं भोक आणि चघळलेला चोथा दिसला तर तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढतात, आणि वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यात डांबरगोळ्या घालून वर वाळू टाकतात. माड तोडायचा विषय कोणी काढला तर सांगा की कापलेल्या पात्यांमुळे माड मरत नाही, कोंब शाबूत आहे तोवर परत नीट झावळ्या येतात, आणि मुंबईत झाड तोडायला पालिकेची परवानगी लागते.

भिंगवाला_दादर

वाडीकरांनी सगळं सांगितलंच. पाठीवर चालणाऱ्या अळ्या खड्ड्यातच राहू द्या, ताई. त्या कुजलेला पाला खाऊन बारीक दाणेदार खत करतात, जिवंत मुळांना लागत नाहीत. काही दिवसांनी मातीचे कडक अंडाकृती गोळे सापडतील, ते फोडू नका, आत कोष असतो. मोठा झालेला फुलभुंगा परागकण आणि पिकलेली फळं खातो, पेरू-चिकूवर कधी दिसला तर थोडंफार नुकसान करतो, पण माडाला धक्का लावत नाही.

मीटिंगमध्ये सेक्रेटरींना सरळ फरशीवर दोन्ही अळ्या ठेवून दाखवा, बोलायची वेळ फार येणार नाही. आणि जमलं तर सगळ्यांचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, जागा आणि तारीख घालून. फोटो कसे काढायचे तेही सांगतो कारण नव्वद टक्के फोटो तिथेच अडकतात. वरून एक, बाजूने एक, समोरून डोक्याचा एक, उलटा करून एक, शेपटीच्या टोकाचा एक, आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी. भुंगा फ्रीजमध्ये दहा मिनिटं ठेवला की शांत बसतो, नंतर आपोआप जागा होतो. नॅशनल पार्कात गेलात तर तिथून काहीही उचलून आणू नका, कायद्याने बंदी आहे, तिथे नुसते फोटो. अगदी जातीपर्यंत जायचं असेल तर फोर्टच्या बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) किंवा पुण्यात आकुर्डीला झूलॉजिकल सर्वेच्या केंद्रात संग्रह आहेत, तिथल्या लोकांना आधी ईमेल करा.

एक शेवटची गोष्ट, कारण ती मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. गेंड्या आपल्या भागातून बाहेर दूरवर गेलाय, १९०९ मध्ये सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर सामोआला पोचला आणि पॅसिफिकमधल्या बेटांवर माडांची वाट लावली. साठच्या दशकात मलेशियात त्याचा एक विषाणू सापडला, तो तिकडे सोडल्यावर पुष्कळ आटोक्यात आला. मग २००७ मध्ये ग्वाम बेटावर जे भुंगे सापडले त्यांच्यावर तो विषाणू चालेना. तो प्रकार आणि जुना प्रकार शिंगाने, केसांनी, उंचवट्यांनी, कशानेही वेगळे करता येत नाहीत, फक्त डीएनएवरून कळतात. म्हणून शेपटीचे केस आणि चीर बघून आपण गेंड्या इथपर्यंत नक्की पोचतो, त्याच्या पुढचं काम नमुना जपून ठेवल्याशिवाय होत नाही. मेलेला भुंगा मिळाला तर टाकू नका, छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये घालून आत पेन्सिलीने जागा, तारीख लिहिलेली चिठ्ठी टाका. पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते.

इस्लामपूरचा_अजित

माळीकाकांना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांच्या कुंड्यांत कधी रोप अचानक पिवळं पडून ओढल्यावर मुळाशिवाय हातात आलं तर तिथली अळी नक्की उलटी करून बघा, तेव्हा ती हुमणी असू शकते.